फ्रिजमधला हिवाळा

गेल्या डिसेंबरात आमच्या साक्रीच्या घरातल्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, एक झिपलॉकची पिशवी पाच आठवडे पडून होती. आत ओलसर टिश्यू पेपर आणि त्यात लॅव्हेंडरच्या ४० बिया. पिशवीवर मी मार्करनं लिहून ठेवलं होतं, 'फेकू नये. हिवाळा चालू आहे.' तरी आईनं ती दोनदा बाहेर काढली. तिच्या मते फ्रिज ही खायच्या वस्तू ठेवायची जागा होती, आणि बी ही मातीत टाकायची वस्तू.

ही सगळी उठाठेव ताईमुळे. ताई कॅनडात कॅलगरीला राहते. तिथला हिवाळा ऑक्टोबरात येतो आणि एप्रिल संपत आला तरी जायचं नाव घेत नाही. तिला घरामागच्या छोट्या अंगणात लॅव्हेंडर लावायचं होतं, आणि तेही नर्सरीतून रोप न आणता बियांपासून. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "तू पण लाव. बघू कोणाचं आधी उगवतं." मी पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण महिन्यातले बरेच दिवस साक्रीतूनच काम करतो. गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉप, खिडकीतून लांबवर पवनचक्क्या. स्क्रीनपासून दूर नेणारं काहीतरी हवंच होतं. हो म्हणालो आणि बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं.

पाकीट उघडल्यावर पहिल्यांदा वाटलं, फसलो. लॅव्हेंडरचं बी दीड-दोन मिलिमीटरचं असतं. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बसतं. काळपट-तपकिरी, गुळगुळीत, सब्जाच्या बीची आठवण करून देणारं. ते साहजिकच, कारण सब्जा, तुळस आणि लॅव्हेंडर ही एकाच कुळातली मंडळी. पण तुळशीचं बी कुंडीत नुसतं सांडलं तरी उगवतं. लॅव्हेंडर तसं नाही. त्याला आधी काही आठवडे ओलसर थंडी लागते, साधारण ३ ते ६ आठवडे, ४-५ अंशांच्या आसपास. नंतर ते मातीच्या वर नुसतं पसरायचं, पुरायचं नाही, कारण त्याला उजेड हवा असतो. मग १८ ते २१ अंशांची ऊब. तरीही दोन आठवडे लागतील, चार लागतील, किंवा काहीच होणार नाही.

आता साक्रीला थंडी पडत नाही असं कोणी म्हणू नये. खानदेशातली थंडी चांगली बोचरी असते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते. पण आमची थंडी रात्रीची. दुपारी बाराला गच्चीवर उभं राहिलं तर स्वेटर काढावा लागतो. बीला सलग थंडी हवी असते, म्हणून फ्रिज.

इंजिनिअर असल्यामुळे मी आणखी २० बिया फ्रिजमध्ये न ठेवता बाजूला काढल्या. त्या थेट कुंडीत पेरायच्या होत्या. थंडी दिली आणि थंडी दिली नाही, असे दोन गट. तेव्हा हा प्रयोग फक्त बियांचा आहे असं मला वाटत होतं.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला काकांच्या मुलाचा फोन आला. तो अकरावीत होता. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून घरात सगळ्यांनी मिळून, म्हणजे मुख्यतः आप्पांनी, माझ्या वडिलांनी, त्याला एका मोठ्या शहरात नीटच्या तयारीला ठेवलं होतं. होस्टेल, क्लास, दर रविवारी टेस्ट, टेस्टनंतर लागणारी यादी. काका शेतकरी. फीचे पैसे कांद्याचे आणि काही आप्पांच्या पेन्शनचे.

तो आधी इकडचं-तिकडचं बोलला. माझ्या बियांची चौकशी केली. मग म्हणाला, "दादा, झोपच येत नाही." आणि जरा थांबून, "मी यादीत खालीच राहिलो तर काय होतं?"

मी काय म्हणालो ते मला अगदी नीट आठवतं. मी म्हणालो, "अरे, सोस थोडं. मीपण होस्टेलला असाच होतो. त्यातूनच माणूस घडतो. नंतर हसशील यावर."

तो 'हो दादा' म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे आप्पांना सांगितलं. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. एरवी ते प्रमाण मराठी बोलतात, पण मनापासून काही म्हणायचं असलं की अहिराणीवर येतात. भाकरी मोडत म्हणाले, "आम्ही बी सोसं ना भो. काय झायं आम्हले?"

त्यांनी सोसलं हे खरंच आहे. १९७२ च्या दुष्काळात ते सहा-सात वर्षांचे होते. आजी-आजोबा खडी फोडायला जायचे. घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. पुढे धुळ्याला शिकताना आप्पा एका खोलीत चौघं राहिले, हातानं स्वयंपाक केला. या सगळ्यातून ते शिक्षक झाले, त्यांनी धाकट्या भावाला सांभाळलं, मला इंजिनिअर केलं. 'काय झायं आम्हले?' या प्रश्नाला त्यांच्या दृष्टीनं उत्तर एकच होतं: भलंच झालं.

त्याच आठवड्यात पिशवीतली पाच आठवड्यांची थंडी पूर्ण झाली. मी बिया ट्रेमध्ये पसरल्या आणि माझ्या डोक्यात एक सोपं, गोड वाक्य तयार झालं: बघा, बीसुद्धा थंडी सोसल्याशिवाय उगवत नाही. हे वाक्य मी स्टेटसला टाकणार होतो. भावाला पाठवणार होतो.

पाठवायच्या आधी, सवयीनं, एकदा तपासून घ्यावं म्हटलं. थंडी बीच्या आत नेमकं करते काय?

*

उत्तर पहिल्यांदा ताईकडून मिळालं, आणि तेही तिला न कळत.

ताईनं फ्रिज वापरलाच नव्हता. तिकडे दुधाचे चार लिटरचे प्लास्टिकचे कॅन मिळतात. तिनं तसे कॅन मधोमध कापले, तळाला भोकं पाडली, आत माती भरून बिया टाकल्या, वरचा भाग पुन्हा चिकटवला आणि जानेवारीतच ते अंगणात बर्फात ठेवून दिले. झाकण काढलेलं, म्हणजे बर्फ वितळून पाणी आत जाईल. कॅलगरीला रॉकी पर्वतावरून कधी कधी 'चिनूक' नावाचा गरम, कोरडा वारा उतरतो. काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी वर जातं. काल उणे २० असलेलं गाव आज जॅकेट उघडं टाकून फिरतं. जानेवारीच्या शेवटी तसा वारा आला. ताईचा फोन, "अरे, अंगणातला बर्फ वितळला. आता बिया फसल्या बहुतेक. त्यांना वाटेल वसंत आला."

तीन दिवसांनी पुन्हा उणे १८. कॅनमध्ये एकही कोंब नव्हता. बिया फसल्या नव्हत्या.

मग मी वाचायला बसलो. लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरउतारांवरचं. त्याचं बी उन्हाळ्याच्या शेवटी, शरदाच्या सुरुवातीला जमिनीवर पडतं. तेव्हा जमीन गरम असते, पाऊसही पडतो. म्हणजे उगवायला सगळं अनुकूल. पण तेव्हा उगवलेलं दोन पानांचं रोप पुढच्या दोन महिन्यांत गोठून मरणार. म्हणून बीच्या आत एक कुलूप असतं, उगवण रोखून धरणारं रसायन. ओल आणि थंडी काही आठवडे सलग मिळाली की ते हळूहळू कमी होतं आणि उगवण सुरू करणारं दुसरं रसायन जोर धरतं. थोडक्यात, बी दिवस मोजत असतं. एवढी थंडी होऊन गेली, म्हणजे हिवाळा सरत आला, आता उगवायला हरकत नाही. एखाद्या चिनूकवर ते विश्वास ठेवत नाही.

म्हणजे थंडी बीला बळ देत नव्हती. ती फक्त एक निरोप होती.

याचा पुरावा आमच्याच भागात सापडतो. नाशिककडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला 'जीए' विचारा. जिबरेलिक आम्ल. मणी फुगावेत, घड सुटसुटीत व्हावा म्हणून ते द्राक्षाला देतात. त्याचा शोध जपानमध्ये भाताच्या एका रोगातून लागला. त्या रोगात रोपं भलतीच उंच होऊन कोलमडायची. ती वाढ एका बुरशीच्या स्रावामुळे होते हे कुरोसावा या शास्त्रज्ञानं १९२६ साली दाखवलं. हेच जीए योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून त्यात लॅव्हेंडरचं बी भिजवलं, तर ते थंडीशिवायही उगवू शकतं. पाच आठवड्यांचा हिवाळा एका रात्रीच्या भिजवण्यानं भागतो.

थंडीच बीला घडवत असती, तर हे शक्य झालं नसतं. ज्या गोष्टीच्या जागी चिमूटभर पावडर चालते, तिला तपश्चर्या म्हणता येत नाही. मी स्टेटस टाकलं नाही.

*

फेब्रुवारीत काकांच्या शेतात गेलो होतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, त्यामुळे काका रात्री दोनला उठून कांद्याला पाणी भरत होते. बांधावर बसून चहा पिताना मी त्यांना बीच्या थंडीबद्दल सांगितलं. त्यांनी समोरच्या कांद्याकडे बोट केलं. पातीमध्ये जाड, पोकळ दांडे वर आले होते, टोकाला फुलाचा गोंडा. आमच्याकडे याला डेंगळे म्हणतात.

"थंडी जास्त पडनी का डेंगळा येतस," काका म्हणाले.

कांद्याचं हे गणित पिंपळनेर-साक्री भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असतं. रोप मोठं झालेलं असताना बरीच थंडी मिळाली की कांदा फुलावर येतो. डेंगळा आला की कांद्याची मान जाड राहते, आत कडक दांडा तयार होतो, तो चाळीत टिकत नाही आणि बाजारात भाव मिळत नाही. पण शेजारच्या शेतात बियाण्यासाठी कांदे लावलेले होते. तिथं हीच थंडी हवी असते. तिच्याशिवाय दांडा नाही, फूल नाही, बी नाही. एका बांधाच्या दोन बाजूंना एकच रात्र, एकच पारा. एकाचं नुकसान, दुसऱ्याचं उत्पन्न.

(लॅव्हेंडरच्या बीला उगवायला लागणारी थंडी आणि कांद्याला फुलायला लागणारी थंडी या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. मी त्या इथं शेजारी ठेवतोय, एक म्हणत नाही.)

फुलायला लागणाऱ्या थंडीची एक भयंकर गोष्ट इतिहासात आहे. ती वाचली तेव्हा मला आप्पा आठवले, म्हणून सांगतो. सोव्हिएत रशियात १९२८-२९ च्या सुमाराला त्रोफिम लायसेंको नावाचा कृषितज्ज्ञ पुढे आला. हिवाळी गव्हाचं बी भिजवून, गारठवून वसंतात पेरलं तर त्याला ओंब्या येतात, हे तो सांगत होता. त्यात नवं फारसं नव्हतं आणि खोटंही नव्हतं. पण तो पुढे गेला. रोपाला एकदा असं 'शिकवलं' की तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरतो, असं म्हणू लागला. स्टालिनला हे आवडलं. ज्यांनी विरोध केला त्यांच्यात निकोलाय वाविलोव होते. जगभर फिरून पिकांची बियाणी गोळा करणारा हा मोठा शास्त्रज्ञ. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते मरण पावले. १९४८ मध्ये त्या देशात आनुवंशिकीचं शिक्षण-संशोधनच बंद पाडण्यात आलं.

प्रत्यक्षात काय होतं? गारठवलेल्या हिवाळी गव्हाचं बी पुढच्या वर्षी पुन्हा कोरंच असतं. त्यालाही त्याची थंडी नव्यानं मोजावी लागते. आईनं काढलेला हिवाळा लेकराच्या खात्यात जमा होत नाही.

आप्पा इथं लायसेंकोपेक्षा शहाणे आहेत. कष्ट वारशानं उतरत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना वाटतं की ते पुढच्या पिढीला हातानं द्यावे लागतात. घरात फ्रिज, गाडी, इंटरनेट आलं. मुलांना आपोआप कष्ट मिळेनात. म्हणून पैसे भरून, लांबच्या शहरात, त्यांच्यासाठी एक हिवाळा विकत घ्यायचा. आपण फ्रिजमध्ये बी ठेवतो तसा.

माझी अडचण इथं सुरू होते. आप्पांना मिलोची भाकरी कोणी त्यांच्या भल्यासाठी दिली नव्हती. दुष्काळ पडला होता, एवढंच. आजी-आजोबांनी त्यांना त्यातून शक्य तितकं वाचवलं. आजीला मी कधीही 'दुष्काळानं आम्हाला घडवलं' असं म्हणताना ऐकलं नाही. ती गेली तोपर्यंत घरात गरजेपेक्षा ज्वारीचं एक पोतं जास्त ठेवायची. ते संपत आलं की तिला झोप लागायची नाही. १९७२ नं तिला काय दिलं असेल, तर ती भीती. आणि काका? रात्री दोनला थंडीत पाणी भरणारा हा माणूस, पण त्या थंडीचं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "मी जे सोसं, ते त्याले नको."

*

पण आप्पांची बाजू मी इतक्या सहज निकालात काढू शकत नाही. ताईनं मला लवकरच अडवलं.

तिनं कॅनशिवाय काही बिया घरात, दिव्याखालीही लावल्या होत्या. ती रोपं मऊ, लांबट, नाजूक झाली. अशी रोपं मे महिन्यात थेट अंगणात ठेवली तर करपतात. त्यासाठी आठ-दहा दिवस त्यांना 'हार्डनिंग' द्यावं लागतं. पहिल्या दिवशी तासभर बाहेर, सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन तास. हळूहळू ऊन, वारा. रात्री परत आत. असं केलं की पानं जाड होतात, देठ कणखर होतो. आमचे शेतकरी वेगळं काय करतात? लावणीच्या आधी काही दिवस कांद्याच्या रोपवाटिकेचं पाणी कमी करतात, रोप काटक व्हावं म्हणून.

म्हणजे सोसण्यानं काहीच होत नाही हेही खोटं. काहीतरी होतं. नाहीतर मीही अभ्यासाची, गावाबाहेर एकटं राहायची, चुकीच्या कोडवर रात्र काढायची सवय कुठून शिकलो?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून मी बरेच दिवस विचार केला. हार्डनिंगमध्ये तीन गोष्टी असतात. मात्रा ठरलेली असते आणि ती हळूहळू वाढते. कोणीतरी रोज येऊन पानाकडे बघतं. आणि संध्याकाळी रोप घरात परत येतं. यातली एक जरी गोष्ट काढली तरी ते हार्डनिंग राहत नाही. ते रोप बाहेर विसरणं होतं. आणि विसरलेल्या रोपांपैकी एखादं जगलं, की आपण त्या एका रोपाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, कसं काटक झालं.

माझ्या ट्रेमध्ये हिशोब असा झाला. फ्रिजमधल्या ४० पैकी ११ उगवल्या. थेट पेरलेल्या २० पैकी २. सॅम्पल लहान आहे, यावरून कोणी काही सिद्ध करू नये. पण बाकीच्या २९ बियांनीही तेवढीच थंडी काढली होती. त्यांचं काय झालं? काही कुजल्या, काही रिकाम्या असतील. त्यांच्याबद्दल मी कोणाला फोटो पाठवले नाहीत. सोसून यशस्वी झालेल्यांची भाषणं असतात, सोसून संपलेल्यांची नसतात. आप्पांच्या धुळ्याच्या खोलीत चौघं होते. उरलेल्या तिघांचं काय झालं, हे मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं. एकाचं त्यांना माहीत होतं. एक शिक्षण सोडून गेला होता, त्याची चौकशी कधी केली नव्हती. एकाबद्दल ते काही बोलले नाहीत.

आणि उगवलेल्या ११ पैकी ५ रोपं मीच मारली. प्रेमानं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालून. लॅव्हेंडर थंडीनं जितकं मरत नाही तितकं ओल साचून मरतं. थंड देशांतही मुळाशी पाणी तुंबून राहिलेला हिवाळाच त्याला जास्त मारतो. उलट वर कोरड्या बर्फाचा थर असला तर तो पांघरुणासारखं काम करतो. माझी रोपं देठाशी काळी पडून एकेक करून आडवी झाली. म्हणजे फक्त लाड करणं हेही उत्तर नव्हतं.

*

या सगळ्या तुलनेत एक मोठी खोट आहे, आणि ती मला फार उशिरा दिसली. बीला विचारता येत नाही. म्हणून तर मला तापमान, ओल, आठवडे यांवरून अंदाज बांधावे लागले. भावाला विचारता येत होतं. त्याच्याकडे फोन होता. तो स्वतःहून फोन करत होता. आणि आमच्या अख्ख्या घरात, मी धरून, कोणी त्याला काही विचारलं नव्हतं. आम्ही फक्त सांगत होतो.

फेब्रुवारीच्या मध्याला एका रविवारी मी त्याला फोन केला आणि विचारलं, "तुला काय हवंय?"

तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "दादा, मला बायोलॉजी आवडते. मला शिकायचंय. पण इथं नको."

मी मनातल्या मनात तयारी केली होती ती 'मला काहीच करायचं नाही' या उत्तराची. 'त्याला कष्ट नकोत' असंच आम्ही गृहीत धरलं होतं. त्याला कष्ट चालणार होते. त्याला संध्याकाळी कोणीतरी दार उघडणारं हवं होतं.

काका आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला घेऊन आलो. होस्टेलच्या दारात तो बॅग घेऊन उभा होता. दिवाळीपेक्षा बारीक दिसत होता. काकांनी काही न बोलता बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भरलेली फी परत मिळाली नाही, हा राग त्यात होता, आणि तो अगदी चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ती फी कांद्याची होती.

आता तो धुळ्याला आत्याकडे राहून शिकतो. शनिवारी संध्याकाळी एसटीनं साक्रीला येतो. नीटमध्ये काय होईल मला माहीत नाही. यादीत तो कदाचित खाली राहील. या लेखाच्या शेवटी 'आणि मग तो पहिला आला' असं सांगता आलं असतं तर वाचणाऱ्यांना बरं वाटलं असतं, पण तसं सांगितलं तर मीही पुन्हा उगवलेल्या बियांचेच फोटो दाखवल्यासारखं होईल.

जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला आज शेतकरी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावतात. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेनं, सीएसआयआरच्या आयआयआयएमनं, त्यांना रोपं दिली, तेल काढायची यंत्रं बसवून दिली. ती शेती बियांपासून होत नाही, फांद्यांच्या छाटांपासून होते. कारण बियांपासून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. उंची वेगळी, फुलायची वेळ वेगळी, तेल वेगळं. बाजारासाठी एकसारखं रोप लागतं, आणि त्या शेतकऱ्यांचं ते बरोबरच आहे. पण घरात मूल वाढवताना आपल्याकडे छाट नसतो. प्रत्येक वेळी बीच असतं. माझा होस्टेलचा अनुभव भावाला लागू पडला नाही, यात त्याचा दोष नव्हता. मी त्याला माझी फांदी समजलो होतो.

कष्टांनी माणूस घडतो का, या प्रश्नाचं उत्तर मला आजही 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. पण दुसऱ्याला कष्टात ठेवायचा निर्णय आपण घेत असू, तर ते किती आणि कधीपर्यंत, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. रोज जाऊन बघता आलं पाहिजे. आणि तो 'पुरे' म्हणाला तर ऐकता आलं पाहिजे. हे तिन्ही जमणार नसेल, तर 'सोस' म्हणायचा हक्क आपल्याला नाही. मी त्या जानेवारीच्या रात्री तो वापरला होता. माफी मागितली तेव्हा भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना दादा." पण मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

ताईच्या कॅनमध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात कोंब आले, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. ती जिंकली. माझी उरलेली सहा रोपं एप्रिलच्या उन्हात दोनवर आली. साक्रीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की गच्चीवर पाय ठेवता येत नाही, आणि लॅव्हेंडर ही काही आमच्या मातीतली वनस्पती नाही. पावसाळ्यात ती दोन टिकतील का, शंका आहे. पाणी घालायचं काम मी भावाकडे दिलंय, रविवारी एकदाच, कारण माझा हात सैल आहे.

मेमध्ये एक दिवस मीटिंग संपवून अकराच्या सुमाराला खोलीबाहेर आलो, तर कुंड्या जागेवर नव्हत्या. आप्पांनी त्या उचलून जिन्याखाली, माठाशेजारच्या सावलीत ठेवल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ऊन फार शे." संध्याकाळी त्यांनी त्या परत वर नेल्या. महिनाभर रोज ते हेच करत होते.